इनामदारांना हवा असलेला चमत्कार

ख्रिस्ती वस्तीचा आड आटला, तेव्हा पाळकांच्या पत्नी मार्थाबाई इनामदारांच्या विहिरीचं पाणी मागायला गेल्या. भर चावडीत इनामदार गरजले, "तुमचा येशू मोठा चमत्कारी ना? मग या धोंड्याची भाकर करून दाखवा, लगेच विहीर खुली करतो!"

"सरकार, हीच मागणी खुद्द येशूकडेही एकाने केली होती. त्याने साफ नाकारली."

"जमत नसेल!"

"जमत होतं. पण चमत्कार गरजवंतासाठी असतो, तमाशासाठी नाही."

इनामदारांनी मिशीला पीळ दिला. "मागणारा आमच्यासारखाच कोणी बडा असामी असेल?"

"सैतान होता, सरकार."

चावडी खदखदून हसली. आपण तो नव्हे, हे दाखवायची इनामदारांना इतकी घाई झाली, की विहीर खुली झालीच, वर दोर-बादलीही त्यांच्याच घरून आली!