केवड्याचा वास कुठं गेला?

"तीन बाटल्या आणल्यास, ठीक. पण वास कुठं गेला?"

रावराजांनी भर दरबारात विचारलं आणि गोजराबाई गडबडलीच. दर पावसाळ्यात राजांच्या बनातला केवडा तिच्या घरी यायचा, परसातल्या भट्टीवर त्याचा अर्क निघायचा आणि बाटल्या राजवाड्यात जायच्या. आजवर दोन निघायच्या, यंदा तीन निघाल्या. शाबासकी मिळेल म्हणून बिचारी नवं लुगडं नेसून आली होती!

पण रावराजे काम मोजायचे ते नाकानं. भट्टी पेटली की गाव घमघमायचं, गच्चीपर्यंत वास यायचा. वास आला म्हणजे काम चाललंय, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि रावराजांनी एकदा ठरवलं की ते कुणाच्या बापाला हलायचं नाही.

"चार दिवस गच्चीवर नाक वर करून बसलो. फुलं गेली कुठं?"

"बाटलीत, महाराज. हुंगून बघा. आधी हंड्याचं झाकण चिखलानं लिंपायचे. चिखल तापला की तडकायचा. मी उडदाचं पीठ चुन्यात कालवून लिंपलं. नळीला ओली फडकी गुंडाळली, खाली अर्क जमतो त्या सुरईभोवतीचं पाणी कोमट झालं की बदललं. वाफेला पळायला जागाच ठेवली नाही."

रावराजांनी बूच काढून हुंगलं. दोन शिंका आल्या, इतका अर्क कडक! पण चार माणसांत माघार कशी घ्यायची?

"ते काही नाही. सोमवारी तेवढ्याच फुलांच्या तीन बाटल्या पाहिजेत, गळ्यापर्यंत भरलेल्या. आणि गावात वासही पूर्वीसारखा. एक जरी चुकलं तरी भट्टी काढून घेऊ आणि कारभाऱ्यांच्या मेहुण्याला देऊ."

कारभारी मिशीतल्या मिशीत हसले.

घरी सासरे भिवबा वाट बघत होते. ऐकून म्हणाले, "पोरी, चिखलच लाव. वास येईल."

"मग बाटल्या दोनच भरतील, मामंजी."

"मग पीठ लाव."

"मग वास नाही."

म्हातारा कपाळाला हात लावून बसला. भट्टी गेली तर घरातली चूल कशावर पेटायची? गोजराबाईलाही दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी मात्र ती उठली, पीठ कालवलं आणि हंडा आणखी घट्ट लिंपून टाकला.

सोमवारी राजवाड्यापुढं अख्खं गाव जमलं. गोजराबाईनं तीन बाटल्या रावराजांपुढं मांडल्या, गळ्यापर्यंत भरलेल्या.

"आणि वास?" कारभाऱ्यांनी घाईनं विचारलं.

"तोही आणलाय. बूच काढा, महाराज, आणि शिंपडा गावावर."

"शहाणीच आहेस!" रावराजे कडाडले. "शिंपडला तर माझी बाटली नाही का रिकामी होणार?"

"होणारच. मग इतकी वर्षं गाव घमघमत होतं, तेव्हा कुणाची बाटली रिकामी होत होती?"

रावराजांनी बोटांवर हिशेब मांडला. बन त्यांचं, फुलं त्यांची, म्हणजे तडकलेल्या चिखलातून उडत होता तो अर्कही त्यांचाच!

"म्हणजे दर पावसाळ्यात मी माझीच एक बाटली नाकानं पीत होतो?"

"एकटेच नाही, महाराज. आम्हीही प्यायलो, फुकट. चांगली होती."

रावराजे असे हसले की पागोटं घसरून कारभाऱ्यांच्या मांडीवर पडलं. ते तसंच राहू देऊन त्यांनी बूच उपटलं आणि एक अख्खी बाटली स्वतःच्या हातानं गावावर शिंपडली.

"भट्टी तुझीच. वर नवा तांब्याचा हंडा देतो. आणखी काय पाहिजे, माग."

"राजवाड्याच्या तळ्यातून माझ्या परसापर्यंत एक पाट काढून द्या. सुरईला सारखं गार पाणी मिळालं की चौथी बाटली निघेल."

"दिला! आणि मग वास?"

"त्याच्यासाठी मला नका बोलावू, महाराज. हंड्याचं तोंड माझ्या हातात आहे, बाटलीचं तुमच्या."