धुक्यातली घंटा

फार पूर्वी, ढग डोंगरावर उतरून झोपत असत, तेव्हाची ही गोष्ट. देवळासाठी ओतलेली एक लहानशी पितळी घंटा घाटात गाडीतून पडली. म्हाळू धनगराला ती सापडली आणि त्याने ती आपल्या कोंडाई मेंढीच्या गळ्यात बांधली.

घंटा रुसली. "मी देवासमोर वाजायची. या रानात कुणासाठी वाजू?" असं म्हणून तिने आपला लोलक घट्ट धरून ठेवला.

एका सकाळी धुकं इतकं दाटलं, की मेंढ्या ढगातून पोहत निघाल्यासारख्या दिसू लागल्या. कोंडाईचं कोकरू मागे राहिलं. कड्याच्या बाजूने त्याचं बारीक ओरडणं ऐकू आलं.

कोंडाई घंटेला म्हणाली, "बाई गं, माझा आवाज तिथवर पोचत नाही. देवाने तुला गळा दिलाय ना? तू हाक मार."

घंटेने लोलक सोडला. तिचा नाद धुक्यात दूरवर पसरत गेला. कड्याकडे निघालेलं कोकरू थबकलं, वळलं आणि आवाजामागून हळूहळू आईपाशी आलं. त्याने आपलं ओलं नाक घंटेला टेकवलं. घंटा आतपर्यंत शहारली.

कोंडाई पुढे चालू लागली, तशी घंटा हळूच म्हणाली, "थांब ना जरा. आणखी कुणी मागे राहिलंय का गं?"