नागूबायच्या नारळाची वाट

फार फार वर्षांपूर्वी, गलबतं शिडांवर चालत होती तेव्हा, कांदळपाड्याच्या कोळीवाड्यात नागूबाय राहायची. तिचं घर उत्तरेच्या टोकाला, वाळूला लागून. तिने अंगणातून हाक मारली, की खोल दर्यातल्या होड्या माघारी वळायच्या, असं म्हणतात. बाई तोंडाची फटकळ, पण हाताची सढळ.

नारळी पौर्णिमेला गाव दक्षिणेला, खाडीच्या मुखाशी दर्याला नारळ द्यायचं. तिसऱ्या दिवशी तो नारळ वाहत वाहत बरोबर नागूबायच्या दारात लागायचा. "दर्यानं माजा वाटा धाडला," असं म्हणत ती त्याच्या वड्या करायची आणि वाडाभर वाटायची. एकाच नारळाच्या वड्या, पण शंभर घरांना पुरायच्या म्हणे!

मग व्यापारी त्र्यंबकशेटने आपली गलबतं लागावीत म्हणून किनाऱ्याच्या मधोमध दगडी धक्का बांधला. लांबच लांब, थेट दर्यात शिरलेला. गावाने ढोल वाजवले. नागूबायही पदर खोचून नाचली.

पण त्यानंतर उत्तरेची वाळू नाहीशी व्हायला लागली. पहिल्या वर्षी होड्या ओढून ठेवायची जागा गेली. दुसऱ्या वर्षी माडांची रांग आडवी झाली. तिसऱ्या वर्षी लाटा नागूबायच्या ओट्यावर आल्या. पंच म्हणाले, दर्या रुसलाय, नारळसुद्धा परत देत नाही. वाडा उठवून डोंगरापलीकडे नेऊ.

डोंगरापलीकडे कोळ्याने काय करायचं? नागूबायला रडू फुटलं. याच ओट्यावर ती नवरी होऊन उतरली होती. मग तिने डोळे पुसले आणि पंचांनाच विचारलं, "रुसलेला मानूस घरातून जातो का घरात शिरतो?"

नागूबाय नारळ शोधायला किनाऱ्याने दक्षिणेकडे निघाली, ती धक्क्याशी जाऊन थबकली. धक्क्याच्या पलीकडच्या कुशीत माणूसभर उंच वाळू साठली होती. त्या वाळूत तिचे तिन्ही नारळ होते. एक कमरेएवढा माड झालेला, एकाला कोंब आलेला, तिसरा अजून ओला.

"आरं, दर्या कुटं रुसलाय!" ती ओरडली. "तो वालू धाडतोय, नारल धाडतोय. आपनच वाटेत दार लावलंय!"

ती तडक शेटकडे गेली. म्हणाली, धक्क्याला मधे वाट पाडा. शेट हसला. "बाई, वाळूला विचारून कुणी धक्के बांधतं का?"

दुसऱ्या दिवशी नागूबायने डोक्यावर पाटी घेतली. दक्षिणेची वाळू भरायची, धक्का ओलांडायचा, उत्तरेला ओतायची. लोकांनी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी म्हातारीची मान मोडेल म्हणून तिची जाऊ आली, आणि आठव्या दिवशी सगळा वाडा गाणी म्हणत पाट्या वाहू लागला. नागूबायच्या डोक्यावर पाटी असेपर्यंत भरती किनाऱ्याशी थांबून राहायची, असं म्हणतात. ती वाळू ओतायची तिथे सकाळी मर्यादवेल उगवलेली असायची, आणि वेलीने वाळू धरून ठेवली.

इकडे धक्क्याच्या कुशीत वाळू मावेना. ती टोकाला वळसा घालून पुढे सरकली, आणि एका दुपारी शेटचं भरलेलं गलबत म्हशीसारखं बसलं ते उठेचना. शेट अनवाणी धावत आला.

"नागूबाय, आता काय करू?"

"पयली पाटी उचला, मंग सांगते."

शेटने पाटी उचलली. पागोट्यातून वाळूचं पाणी नाकावर ओघळलं आणि गाव पोट धरून हसलं. मग शेटही हसला. त्याने धक्क्याच्या मधले दगड काढून खाली वाट मोकळी केली आणि वर फळ्या टाकल्या. पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी नारळ नागूबायच्या दारात हजर! पहिली वडी तिने शेटला दिली.

नागूबायला जाऊन किती पिढ्या झाल्या, कुणी मोजलं नाही. पण कांदळपाड्यात अजून त्या तिसऱ्या दिवशी घरटी एक पाटी वाळू उत्तरेला पडते. मर्यादवेलीवर कुणी पाय देत नाही. आणि कुणी नकाशा घेऊन किनाऱ्यावर भिंत, हॉटेल, जेटी बांधायला आला, की लोक त्याला बसवतात, चहा पाजतात आणि विचारतात, "यात नागूबायच्या नारलाची वाट कुटं ठेवलीय, ती दाखवा."

दाखवता आली नाही, तर हसत हसत त्याच्या हातात पाटी देतात.