डावखुरीचा विळा

भातशेतीच्या एका गावात एक हट्टी लोहार होता. त्याच्याकडे विळा घ्यायला गेलं की तो आधी मूठभर गवत कापून दाखवायला लावी. कोण मनगटातून ओढतं, कोण खांद्यातून, कोण बसून कापतं हे नीट बघे आणि मगच लोखंड भट्टीत घाली. विळा मिळायला चार दिवस लागत. लोक कुरकुरत, पण जातील कुठे? गावात दुसरा लोहारच नव्हता.

मग शहरातल्या एका बड्या कंपनीने चावडीसमोर दुकान थाटलं. तिथे विळ्यांचे ढीगच्या ढीग, सगळे एका मापाचे, चकचकीत आणि लोहारापेक्षा कितीतरी स्वस्त. बघता बघता लोहाराकडे शुकशुकाट झाला. कापणी महिन्यावर आली होती. हा हंगाम हातचा गेला तर भट्टी मोडून दुसऱ्याच्या शेतावर राबायला जावं लागणार, या विचाराने त्याला घास गोड लागेना.

त्याने डोकं चालवलं, निदान त्याला तरी तसं वाटलं. गवत कापून बघणं बंद केलं, पातळ लोखंड आणलं, एका मापाचे विळे ठोकले आणि भाव पाडून ओळीने मांडले. दुसऱ्या दिवशी कंपनीने भाव त्याहून खाली आणला. लोहाराने आणखी कमी केला, कंपनीनेही केला. कंपनीची अशी शंभर गावांत दुकानं होती, एका गावातला तोटा तिला जाणवतही नव्हता. लोहाराच्या घरात मात्र डाळ पातळ होत चालली.

एके दिवशी कापणीला जाणारी एक म्हातारी आली. तिने ओळीतला एक विळा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला.

"मी डावखुरी," ती म्हणाली. "दुकानातल्या विळ्याची धार मला उलट्या अंगाला येते. म्हणून तुझ्याकडे आले, तर तूही तेच मांडून बसलास. आता मी कापू कशाने, बाबा?"

लोहार मनातून ओशाळला. ओळीतले विळे त्याने बाजूला सारले.

"मावशी, परसात गवत आहे. जरा कापून दाखवा," तो म्हणाला.

चार दिवसांनी म्हातारी नवा विळा घेऊन शेतात उतरली आणि तरण्या बायकांच्या पुढे निघाली. बायकांनी विचारलं, तिने सांगितलं. मग एकेकजण येऊ लागली. कुणाचं मनगट दुखायचं, कुणाला वाकवत नव्हतं. काहींनी दुकानातलेच विळे मूठ बदलायला आणले, लोहाराने तेही न कुरकुरता करून दिले. निम्म्या गावाचं दुकानातल्या विळ्यावर छान भागत होतं. उरलेलं निम्मं गाव लोहाराला पुष्कळ झालं.

हंगाम संपल्यावर दुकानाचा कारभारी स्वतः भट्टीवर आला. "तुझा सगळ्यात जास्त खपणारा विळा कोणता, त्याचं माप दे. आमचा कारखाना तसे हजार काढील."

लोहाराने जरा आठवून पाहिलं. "साहेब, माझा कुठलाच विळा दोनदा खपलेला नाही."

कारभारी हात हलवत परत गेला.

तात्पर्य एवढंच: मोठ्याशी भावात झुंजणारा लहान दुकानदार संपतो, आपलं गिऱ्हाईक ओळखून काम करणारा टिकतो.