बांधाआडची पिंगी

पूर्वी सुमनावती नगरीवर धृतिसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व रानाकडेच्या एका गावात, सधन शेतकऱ्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव भद्रक. वडिलांच्या मागे त्याच्याकडे आणि धाकट्या भावाकडे, सोमकाकडे, मोहरीचे मोठे शेत आले.

त्या गावात शिकाऱ्यांचे आणि शेतवाल्यांचे कधी पटले नाही. राजाचा एक नियम असा की, रानातले जनावर ज्याच्या कुत्र्यांनी उठवले त्याचे. दुसरा नियम असा की, शेतमालकाला विचारल्यावाचून कोणी बांधाच्या आत पाऊल टाकायचे नाही, आणि आत सापडलेले कुत्रे शेतमालकाचे. नियम दोन्ही चांगले होते. पण रानडुकरांना त्यातला एकही ठाऊक नव्हता, आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या कुत्र्यांना तर नाहीच.

शिकाऱ्यांत रोहक नावाचा एक जण होता. कुत्रा शेतात शिरला की तो बांधावर येऊन म्हणायचा, "माझा कुत्रा आत राहिला, तेवढा घेऊन येतो." आत जायचा कुत्र्यासाठी आणि बाहेर यायचा खांद्यावर हरण टाकून. खरे तर शिकाऱ्याने आत जायची गरजच नसते. अंगावरचे कांबळे बांधावर पसरून ठेवले की मागे राहिलेला कुत्रा धन्याच्या वासाने आपणहून त्यावर येऊन बसतो. हे सगळे शिकारी जाणतात, फक्त शेतवाल्यांना सांगत नाहीत.

एका हिवाळ्यात मोहरी दाण्यावर आली होती. रोहकाचे कुत्रे एका डुकरामागे बांध ओलांडून आत शिरले. पीक आडवे करीत डुक्कर पलीकडून निघून गेले, कुत्रे परतले. पिंगी मात्र आली नाही. ही कुत्री रोहकाची फार लाडकी. तिला त्याने आपल्या ताटातला घास भरवून वाढवले होते.

रोहक धावत आला, तर बांधावर सोमक काठी घेऊन उभा.

"पिंगी आत राहिली," रोहक म्हणाला. "तेवढी घेऊन येतो."

"मागच्या खेपेला हीच पिंगी आणायला गेला होतास," सोमक म्हणाला. "बाहेर आणलीस तेव्हा तिला शिंगे फुटली होती."

रोहकाने कांबळे काढून बांधावर पसरले आणि तो वाट पाहत बसला. दिवस कलला तरी पिंगी येईना. मग मोहरीतून तिचे कण्हणे ऐकू आले. डुकराच्या सुळ्याने तिची मांडी फाडली होती.  रोहक सोमकाच्या पायाच पडला, पण सोमक हटला नाही.

"दुधाने तोंड पोळले आहे," तो म्हणाला. "आता ताकही फुंकून पितो मी."

एवढ्यात भद्रक तिथे आला. सोमकाने सगळे सांगितले आणि वर म्हणाला, "दादा, नियमाने ती आता आपली झाली. जगली तर राखणीला होईल. मेली तर याला अद्दल घडेल."

"आपली झाली हे खरे," भद्रक म्हणाला. "मग आपलीच कुत्री आपल्या शेतात तडफडते आहे, आणि आपण काठी धरून उभे आहोत."

सोमक जरा वरमला. "पण जखमी कुत्री परक्याला जवळ येऊ देणार नाही," तो म्हणाला. "फाडून खाईल."

भद्रकाने थोडा विचार केला. मग रोहकाचे कांबळे उचलून स्वतःच्या अंगावर घेतले. "तू इथेच थांब," तो रोहकाला म्हणाला. "शेत माझे, मी जातो."

मोहरी दोन्ही हातांनी बाजूला सारत तो आत गेला. त्याला पाहताच पिंगीने दात विचकले. तो खाली बसला आणि कांबळ्याचा पदर त्याने तिच्यापुढे धरला. तिने वास घेतला, गुरगुरणे थांबवले आणि त्याच्या हातावर डोके टेकले. भद्रकाने तिला उचलून बांधापर्यंत आणले आणि रोहकाच्या मांडीवर ठेवले.

रोहक लहान पोरासारखा रडला. "नियमाने ही तुमची," तो म्हणाला.

"माझी आहे, म्हणूनच तुला देता येते," भद्रक म्हणाला. "आधी तिची जखम बांध."

रोहकाने जखम बांधली आणि कांबळ्याचे शिकाऱ्यांचे गुपितही सांगून टाकले. तेव्हापासून त्या गावात शिकारी बांधाबाहेर बसत, आणि कुत्रा जायबंदी असला तर त्यांचे कांबळे पांघरून शेतवाला आत जाई. भांडणे मिटली असे नाही, पण ती पुष्कळ लहान झाली. पिंगी लंगडत का होईना, पुष्कळ वर्षे जगली.

शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, विहारात ही कथा सांगितली, तेव्हा समोर आमराईचा मालक सुजात आणि शिकारी वप्पक बसले होते. वप्पकाचा कुत्रा आमराईत शिरला म्हणून सुजाताने तो बांधून ठेवला होता, आणि दोघे भांडतच विहारात आले होते.

"त्या जन्मी भद्रक मी होतो," शास्ते म्हणाले. "काठी घेऊन उभा राहिलेला सोमक म्हणजे आजचा वप्पक."

वप्पकाने मान खाली घातली. सुजात मनातून खूश झाला.

"आणि बांधाबाहेर रडणारा रोहक म्हणजे आजचा सुजात."

 सुजात उठला आणि कुत्रा सोडायला निघाला. वप्पकही त्याच्या मागोमाग गेला, पण आमराईच्या तोंडाशी थांबला. सुजाताने "ये की आत" म्हटले, तेव्हाच त्याने पाऊल टाकले.

इकडे शास्ते भिक्षूंना म्हणाले, "आपला हक्क खरा असतानाही ज्याला दुसऱ्याचे कण्हणे ऐकू येते, त्याच्या त्या गुणाला मैत्री-पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला गेलेली मैत्री, म्हणतात."