हौदाकाठचे संत्रे

झाडांना वाचा होती आणि माणसांना ऐकायला वेळ होता, त्या काळची ही गोष्ट. अनसूयाकाकूंच्या नव्या बागेतली दहा संत्री पाच वर्षांची झाली. तहानलेले झाड पाणी मिळताच फुलते, म्हणून पहिल्या बहरासाठी काकूंनी पौषात पाणी तोडले. नऊ झाडांनी माना टाकल्या. हौदाकाठचे दहावे मात्र गळतीचे पाणी चोरून पीत राहिले.

“तुमच्यावर काकूंची मर्जी दिसत नाही,” ते इतरांना म्हणे. “माझा तजेला बघा!”

महिन्याने पाणी सुटले. नऊ झाडे फुलांनी पांढरी झाली. दहाव्यावर नुसती पाने.

“काकू, मला तोडणार?”

“तुला कशाला? आधी ही गळती बुजवते,” चुना कालवत काकू म्हणाल्या. “मग पुढचा पौष आहेच की.”

झाड जन्मात पहिल्यांदाच तहानेची वाट पाहू लागले.