केळं पांढरं असतं

जंगलात अजून पायवाटसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. साळू माकडिणीचा लाडका गुंड्या अस्वलबाईंच्या बालवाडीत जाणार होता. साळूने जय्यत तयारी केली होती. झाडांची नावं तोंडपाठ, बाईंना नमस्कार तोंडपाठ, शेपटी विंचरून चकचकीत!

पहिल्याच दिवशी गुंड्या हुंदके देत बाहेर आला. पोट पार खपाटीला गेलेलं.

"अरे, खाऊ नाही दिला बाईंनी?" साळू कडाडली.

"केळं देते म्हणाल्या आणि मला हे दिलं." गुंड्याने मूठ उघडली. मुठीत सालीसकट पिवळंधमक केळं होतं.

साळू ओरडली, "अरे, हे केळंच आहे!"

"खोटं! केळं पांढरं असतं. तू रोज देतेस ना मला!"

गुंड्यामागोमाग दारात आलेल्या अस्वलबाई मटकन खालीच बसल्या. माकडाचं पोर, आणि केळं ओळखत नाही!

साळूचे हात सवयीने साल सोलायला पुढे झाले. मग तिचं तिलाच काय वाटलं कोण जाणे, तिने ते मागे ओढले आणि पाठीशी घट्ट धरून ठेवले.

"तूच बघ बरं, आत काय आहे ते," ती कशीबशी म्हणाली.